कामाच्या जागेसाठी खुर्ची कशी निवडावी: गोव्यातील कार्यालये, दुकाने आणि कारखान्यांसाठी

सरकारी कार्यालयात पाऊल टाकले की कोणाचा हुद्दा कोणता, हे बहुधा खुर्चीवरूनच कळते. शिपायाला स्टूल, कनिष्ठ कारकुनाला बिनहाताची साधी खुर्ची, मुख्य कारकुनाला हात असलेली, आणि साहेबांना डोक्याच्याही वर जाणाऱ्या पाठीची, जिच्यावर धुतलेला पांढरा टॉवेल घातलेला असतो. खासगी आस्थापनांत टॉवेल दिसत नाही, पण क्रम तोच राहतो. वास्तविक दिवसाचे सहा-सात तास संगणकासमोर बसून नोंदी करणारा माणूस हा कनिष्ठ कारकूनच असतो, तर साहेबांचा निम्मा दिवस बैठकांत आणि दौऱ्यांत जातो. म्हणजे ज्याच्या पाठीला आधाराची सर्वांत जास्त गरज आहे, त्याच्याच वाट्याला सर्वांत उणी खुर्ची येते. गोव्यातील लहानमोठी कार्यालये, दुकाने आणि काही कारखाने यांना खुर्च्या निवडून देण्याचे काम मी बरीच वर्षे केले आहे, आणि त्यातून माझे एक मत पक्के झाले आहे: खुर्ची आधी कामाकडे पाहून ठरवावी, मग टेबलाकडे, मग बसणाऱ्या माणसाकडे आणि मग आपल्याकडच्या हवेकडे पाहून; हुद्द्याचा विचार त्यानंतर पैसे उरले तर करावा.

आधी टेप, मग दुकान

दुकानात जाण्यापूर्वी मोजमापाची टेप घेऊन कामाच्या जागेत एक फेरी मारावी. पहिले माप टेबलाचे घ्यावे. जमिनीपासून टेबलाच्या वरच्या फळीपर्यंत किती आणि खालच्या कडेपर्यंत किती, ही दोन्ही मापे लागतात, कारण फळीखाली ड्रॉवर किंवा आडवी पट्टी असेल तर मांड्यांना आणि खुर्चीच्या हातांना आत शिरायला जागा उरत नाही. दुसरे माप बसणाऱ्याचे. नेहमीची पादत्राणे घालून, पावले जमिनीवर सपाट टेकवून बसल्यावर गुडघ्यामागच्या वळीपर्यंत किती उंची भरते ते पाहावे. अनवाणी मोजल्यास ही उंची माणसाच्या एकूण उंचीच्या साधारण चौथ्या हिश्शाएवढी येते. तिसरे माप कोपराचे, म्हणजे खांदे सैल सोडून आणि हात काटकोनात दुमडून बसल्यावर कोपर बैठकीपासून किती वर राहते, याचे.

ही तीन मापे शेजारी शेजारी लिहिली की बाजारातल्या टेबलांची अडचण लगेच उघड होते. पाच फूट, म्हणजे सुमारे १५२ सेंटीमीटर उंचीच्या एखाद्या कर्मचारी महिलेचे उदाहरण घेऊ. चपलेसह तिच्यासाठी बैठकीची योग्य उंची ४० सेंटीमीटरच्या आसपास येते आणि कोपर त्याच्या वर २१ सेंटीमीटर धरले तर तिचे हात ६१ सेंटीमीटरवर सहज काम करू शकतात. टेबल मात्र बहुतेक ठिकाणी ७५ सेंटीमीटरचे असते. मधल्या १४ सेंटीमीटरांचा हिशेब कोणीतरी चुकता करावाच लागतो, आणि तो रोज तिचे खांदे चुकता करतात. खुर्ची वर उचलली तर हात ठीक बसतात, पण पाय लोंबकळतात, बैठकीची कड मांडीखाली रुतते आणि तासाभरात पायांना मुंग्या येतात. अशा वेळी खुर्ची टेबलाच्या हिशेबाने वर घ्यावी आणि पायांखाली तेवढ्याच उंचीची तिरपी फळी द्यावी, जी कोणताही सुतार अर्ध्या दिवसात करून देतो. टेबलाखाली कीबोर्डसाठी सरकती फळी बसवून घेतली तर काही सेंटीमीटरांचा फरक तिथेच मिटतो आणि पायांखालची फळी तेवढी बुटकी चालते. महागड्या खुर्च्या घेऊनही खांदेदुखी गेली नाही, अशी तक्रार जिथे जिथे ऐकली, तिथे बहुतेक वेळा दोष या न मोजलेल्या १४ सेंटीमीटरांत सापडला आहे.

बैठकीची खोलीही याच वेळी ठरवावी. पाठ मागे पूर्ण टेकवून बसल्यावर बैठकीची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांच्यात दोन ते तीन बोटे मावली पाहिजेत. दिमाखदार ‘बॉस’ खुर्च्यांची बैठक अनेकदा इतकी खोल असते की मध्यम उंचीच्या माणसाची पाठ मागे पोहोचतच नाही. तो कडेवर बसतो आणि ज्या आधारासाठी पैसे मोजले, तो मागे रिकामा राहतो. एकाच मापात सर्वांना बसवता येत नाही ही गोष्ट कारखानदारांनाही मान्य आहे. हर्मन मिलर या अमेरिकी कंपनीने १९९४ मध्ये आणलेली एरॉन ही खुर्ची पहिल्यापासून ए, बी आणि सी अशा तीन आकारांत मिळते. तेवढी महाग खुर्ची आपल्याला घ्यायची नसली, तरी दहा खुर्च्या एकाच मापाच्या मागवण्यापूर्वी सर्वांत उंच आणि सर्वांत बुटक्या सहकाऱ्याला दुकानात सोबत नेणे कोणालाही परवडते.

संगणकासमोरची खुर्ची

जिथे माणूस दिवसाला चार तासांहून अधिक बसून काम करणार आहे, तिथे उंची कमीजास्त करता येणारी फिरती खुर्चीच घ्यावी. तिच्या मधल्या दांड्यात नायट्रोजन वायू दाबून भरलेला असतो आणि लिव्हर उचलल्यावर बैठक वर-खाली होते; दुकानदार याला गॅस लिफ्ट म्हणतात. बसलेल्या अवस्थेत लिव्हर न ओढताही बैठक हळूहळू खाली सरकत असेल, तर आतली सील गेली आहे असे समजावे. अशी लिफ्ट उघडून दुरुस्त करण्याच्या फंदात पडू नये, कारण आतला दाब धोकादायक असतो. ती बदलूनच घ्यावी. तळाला पाच पाय असावेत. चार पायांच्या चाकांच्या खुर्चीवर बसून बाजूला वाकल्यास तोल जाण्याची भीती असते.

कमरेचा आधार हा शब्द जाहिरातींत फार स्वस्त झाला आहे. पाठीचा कणा कमरेपाशी आत वळतो, आणि खुर्चीच्या पाठीचा फुगवटा नेमका त्या वळणात, बैठकीपासून साधारण १५ ते २५ सेंटीमीटरच्या पट्ट्यात यायला हवा. हा फुगवटा वर-खाली सरकवता येत असेल तर उत्तम. सरकत नसेल, तर जी खुर्ची एकाच्या कमरेला टेकते ती दुसऱ्याच्या बरगड्यांना टोचते, आणि मग तिच्यावर उशी येते, उशी घसरते, असा क्रम सुरू होतो.

खुर्चीची पाठ मागे कलते की नाही, हेही पाहावे. ताठ बसणे म्हणजेच नीट बसणे, असे शाळेपासून आपल्या मनावर बिंबवले गेले आहे. स्वीडनचे अस्थिरोगतज्ज्ञ आल्फ नाकेमसन यांनी १९६० च्या दशकात जिवंत माणसाच्या कण्यातील चकतीमध्ये सुई घालून तिथला दाब प्रत्यक्ष मोजला, आणि त्या वाटेने पुढे झालेल्या मोजणीत पाठ मागे थोडी कलवून आणि कमरेला आधार देऊन बसल्यास हा दाब कमी होतो असे दिसले. म्हणून १०० ते ११० अंशांपर्यंत मागे कलणारी आणि तिथे अडकवता येणारी पाठ घ्यावी. मागे झुकताना पाठ शरीराला हलका विरोध करते, तो विरोध बसणाऱ्याच्या वजनानुसार कमीजास्त करण्यासाठी बैठकीखाली बहुधा एक गोल मूठ असते. ती मूठ कोणीही फिरवत नाही. पन्नास किलोचा आणि नव्वद किलोचा माणूस एकाच ताणावर वर्षानुवर्षे बसतात. अर्थात उत्तम खुर्चीवरही अर्ध्या-पाऊण तासाने उठून चार पावले चालावे लागते. बसल्या जागी हालचाल करू देणे एवढेच खुर्चीच्या हातात असते.

हातांच्या बाबतीत माझे मत थोडे कठोर आहे. उंची बदलता येणारे हात असतील तरच घ्यावेत, नाहीतर बिनहाताची खुर्ची घ्यावी. न हलणारे हात टेबलाच्या कडेला अडतात, त्यामुळे खुर्ची आत सरकत नाही आणि माणूस पुढे वाकून टाईप करत राहतो. डोके टेकवण्याच्या पट्टीचेही तसेच आहे. मागे रेलून फोनवर बोलणाऱ्यासाठी ती सोयीची असते, पण टाईप करताना ती डोक्याला पुढे ढकलत असेल तर तिचा उपद्रवच होतो.

चाके जमिनीकडे पाहून घ्यावीत. गुळगुळीत टाइल्सवर आणि लाकडी जमिनीवर मऊ आवरणाची चाके लागतात, तर गालिच्यावर कडक नायलॉनची. पणजीत फोंताइन्हासच्या बाजूला जुन्या घरांतून आता अनेक कार्यालये चालतात; तिथल्या लाकडी जमिनीवर कडक चाकांनी महिन्याभरात चरे पडतात आणि घरमालकाशी संबंध बिघडतात. खुर्चीपेक्षा चाकांचा संच फार स्वस्त असतो आणि तो वेगळा मिळतो, एवढे लक्षात ठेवावे.

आपली हवा

खुर्च्यांविषयीची बहुतेक माहिती कोरड्या हवेच्या प्रदेशांतून आलेली असते, आणि आपल्याकडे वर्षाला सुमारे ३०० सेंटीमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतांश जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. म्हणून इथे खुर्ची निवडताना आवरणाचा विचार मापांइतकाच गांभीर्याने करावा लागतो. हे मी स्वतः चुकून शिकलो. फोंडा तालुक्यातील एका पतसंस्थेसाठी मी फेब्रुवारीत बारा काळ्या खुर्च्या निवडल्या होत्या. दिसायला चामड्यासारख्या, हाताला मऊ, भाव वाजवी. दुसरा पावसाळा संपेपर्यंत त्यांचे आवरण खवल्यांसारखे सुटू लागले आणि कर्मचाऱ्यांच्या पांढऱ्या शर्टांना काळे कपटे चिकटू लागले. कृत्रिम चामड्याचा पॉलियुरेथेनचा थर दमट हवेत पाण्याशी रासायनिक प्रक्रिया होऊन हळूहळू तुटतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. विक्रेत्याने ‘वापर जास्त झाला’ असे सांगून हात झटकले, आणि मला ती बारा आवरणे पदरच्या खर्चाने बदलून द्यावी लागली.

तेव्हापासून संगणकासमोरच्या खुर्चीसाठी मी जाळीची पाठ सुचवतो. तिच्यातून वारा खेळतो, घाम साचत नाही आणि बुरशीला बसायला फारशी जागा मिळत नाही. बैठकीलाही जाळी असलेली खुर्ची घेतल्यास ती जाळी ताणलेली आणि चांगल्या प्रतीची आहे का ते पाहावे, कारण हलकी जाळी वर्षभरात मधोमध खोल जाते आणि चौकटीची कड मांड्यांना लागते; त्यापेक्षा जाळीची पाठ आणि कापडाने मढवलेल्या दाट फोमची बैठक हा मेळ बरा. फोम तपासण्याची साधी रीत म्हणजे अंगठा जोराने दाबून सोडावा आणि खड्डा किती लवकर भरून येतो ते पाहावे. ज्या ठिकाणी आवरण रोज पुसावे लागते, तिथे जाड व्हिनाइलचे रेक्झिन घ्यावे; ते उकडते, पण पॉलियुरेथेनसारखे सुटत नाही. खऱ्या चामड्याला पावसाळ्यात पांढरी बुरशी चढते आणि ते दर आठवड्याला पुसण्याचा उत्साह पहिल्या वर्षापलीकडे टिकत नाही.

धातूच्या बाबतीत समुद्रापासूनचे अंतर महत्त्वाचे ठरते. कांदोळी, कोलवा किंवा दोनापावला येथे खारी हवा क्रोमचा मुलामा फोडते आणि पाय गंजायला स्क्रूच्या भोकांपासून सुरुवात होते. तिथे नायलॉनचा किंवा ॲल्युमिनियमचा तळ घ्यावा. स्टेनलेस स्टील हवेच असेल तर किनाऱ्यालगत ३०४ ऐवजी ३१६ क्रमांकाचे मागावे, कारण त्यातील मॉलिब्डेनममुळे ते क्षारांना अधिक तोंड देते. बैठकीखालची फळी बहुतेक खुर्च्यांत प्लायवूडची असते, आणि ती कोणी पाहत नाही. साधे प्लायवूड ओलीने फुगले की स्क्रू धरत नाही आणि खुर्ची डुगडुगू लागते. खुर्ची उलटी करून पाहण्याचा संकोच बाळगू नये. ओलीला टिकणारे प्लाय किंवा कठीण प्लास्टिकचा तवा आहे का, हे तिथेच कळते.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. नवी खुर्ची मळू नये म्हणून तिच्यावरचे पारदर्शक प्लास्टिक वर्षानुवर्षे तसेच ठेवण्याची आपल्याकडे फार मोठी पद्धत आहे. ते पहिल्याच दिवशी काढून टाकावे. त्याच्याखाली ओल कोंडते आणि चवथीच्या सुट्टीनंतर कार्यालय उघडले की वास कुठून येतो, याचा शोध सुरू होतो.

जुन्या गोमंतकीय घरांत शिसवीच्या, वेताने विणलेल्या बैठकीच्या खुर्च्या असत, आणि काही घरांत त्या अजून आहेत. वेताच्या जाळीतून हवा कशी खेळते, हे आपल्या पूर्वजांना जाळीच्या आधुनिक खुर्च्या येण्याच्या कितीतरी आधी माहीत होते. वकिलाच्या किंवा डॉक्टरच्या कार्यालयात भेटायला येणाऱ्यांसाठी अशी ‘कदेल’ आजही शोभते आणि सोयीची ठरते. दिवसभर संगणकावर बसायला मात्र ती वापरू नये, कारण तिची उंची बदलत नाही आणि ताठ पाठीला कमरेचा आधार नसतो.

काउंटर, दुकान आणि प्रतीक्षा

हॉटेलच्या स्वागतकक्षाचा काउंटर साधारण १०५ ते ११० सेंटीमीटर उंच असतो. तिथे बैठकीची उंची ७५ ते ८० सेंटीमीटर हवी. काउंटर ९० सेंटीमीटरचा असेल तर ६० ते ६५. बैठक आणि काउंटरची खालची बाजू यांत मांड्यांसाठी २५ ते ३० सेंटीमीटर मोकळे राहिले की हिशेब जुळतो. एवढ्या उंच स्टुलाला पाय टेकवायला कडे असलेच पाहिजे, आणि त्याला चाके असू नयेत. पाहुणा आला की उठायचे आणि गेला की बसायचे, असे ज्याचे काम आहे त्याला खोल, मऊ खुर्ची देऊ नये; त्याला अर्धवट टेकता येईल असे, किंचित पुढे कललेले उंच स्टूल अधिक सोयीचे पडते.

म्हापशाच्या बाजारात कापडाच्या दुकानांतून सकाळपासून रात्रीपर्यंत उभ्याने काम करणाऱ्या मुली पाहिल्या की प्रश्न कोणत्या खुर्चीचा, हा राहतच नाही. तिथे खुर्चीच नसते. गिऱ्हाईकासमोर बसणे म्हणजे आळस, असा मालकांचा समज असतो. केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये दुकानांतील कर्मचाऱ्यांना बसण्याची सोय देणे कायद्याने बंधनकारक केले. कारखान्यांसाठी तर अशी तरतूद १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४४ मध्ये होतीच. काउंटरमागे जागा अरुंद असेल तर भिंतीला बिजागरीने बसवलेली घडीची बैठक लावता येते. तिला जागा जवळजवळ लागत नाही आणि खर्चही किरकोळ येतो.

पंचायत, बँक, दवाखाना अशा ठिकाणी वाट पाहत बसणाऱ्यांत वयस्कर माणसे जास्त असतात. त्यांच्यासाठी खोल सोफा सर्वांत वाईट, कारण त्यात बसता येते पण उठता येत नाही. बैठक ४५ ते ४८ सेंटीमीटर उंच, फार मऊ नाही, आणि दोन्ही बाजूंना भक्कम हात, ज्यांवर भार देऊन उठता येईल, अशी खुर्ची घ्यावी. छिद्रांच्या स्टीलची तीन आसनी बाके धुवायला सोपी आणि पावसात भिजून आलेल्यांसाठी योग्य असतात; फक्त प्रत्येक आसनाला हात असलेली मागावीत. डॉक्टरसमोरच्या रुग्णाच्या खुर्चीला चाके कधीही लावू नयेत. बसायला गेलेल्या आजींच्या मागून खुर्ची सरकली, तर एका क्षणात मांडीचे हाड मोडते.

स्वतः डॉक्टरांचे काम कसे आहे, त्यावर त्यांची खुर्ची ठरते. तपासणीसाठी सारखे वळावे लागत असेल तर बिनहाताचे फिरते स्टूल पुरते. दंतवैद्य तासन् तास पुढे वाकून काम करतात, त्यामुळे अनेकजण घोड्याच्या खोगिरासारख्या आकाराचे स्टूल पसंत करतात. त्यावर मांड्या खाली उतरत्या राहतात आणि कमरेचे नैसर्गिक वळण टिकते. पहिले काही दिवस मांड्या दुखतात, म्हणून ते काही दिवस वापरून पाहण्याच्या बोलीवर आणावे.

सभागृहासाठी एकावर एक रचता येणाऱ्या, बिनचाकांच्या, हलक्या खुर्च्या घ्याव्यात. त्याबद्दल याहून अधिक विचार करण्याची गरज नाही.

कारखान्यांत

वेर्णा आणि कुंडईसारख्या औद्योगिक वसाहतींत औषधे तयार करणाऱ्या विभागांत कापडाची खुर्ची चालत नाही, कारण तिच्यातून तंतू आणि धूळ सुटते. तिथे सलग पॉलियुरेथेन किंवा व्हिनाइलची, शिवण आणि खाचा कमीत कमी असलेली, जंतुनाशकाने पुसता येणारी बैठक लागते. हे पॉलियुरेथेन ठोकळ्यासारखे सलग ओतलेले असते. वर सांगितलेल्या पातळ थराशी त्याची गल्लत करू नये. इलेक्ट्रॉनिक भागांच्या जुळणीसाठी स्थिर विद्युत जमिनीत वाहून नेणारी खुर्ची असते. ती घेतली आणि जमीन साध्या टाइल्सचीच ठेवली तर काहीच उपयोग होत नाही, कारण खुर्चीतून निघालेल्या विद्युतभाराला पुढे जायला वाट मिळत नाही. खुर्ची आणि जमीन यांचा विचार एकत्रच करावा.

काजूच्या कारखान्यांची गोष्ट वेगळी आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित आहे. काजू फोडण्याचे यंत्र एका हाताने आणि पायाच्या पट्टीने चालते. अशा कामाला चाकांचे आसन दिले तर प्रत्येक वेळी पट्टी दाबताना माणूस मागे सरकतो. म्हणून तिथे पक्क्या पायांचे, किंचित पुढे उतरते, उंची ठरावीक टप्प्यांनी बदलता येणारे आणि मागे छोटा आधार असलेले स्टूल हवे. टरफलातले तेल कातडीला भाजते आणि कापडात मुरते, तेव्हा बैठक लाकडाची किंवा प्लास्टिकची, पुसता येणारी असावी. साल काढण्याच्या आणि प्रतवारीच्या कामात बायका दिवसभर मान खाली घालून बसतात. तिथे आधी टेबल बसलेल्या कोपराच्या उंचीपर्यंत वर आणावे, आणि मगच आसनाचा विचार करावा. शिवणयंत्रावरही हाच नियम लागू पडतो: चाके नकोत, हात नकोत, आणि पायाची पट्टी दाबताना बैठकीची कड मांडीखाली रुतू नये.

फाटकावरच्या सुरक्षारक्षकाला मात्र बहुधा कार्यालयातून मोडीत निघालेली फिरती खुर्ची मिळते, जी पावसात सडते. बारा तासांच्या पाळीसाठी हात आणि उंच पाठ असलेली, उन्हाला टिकणाऱ्या जाड प्लास्टिकची खुर्ची त्याहून बरी. तिच्या पाठीवर पांढरी भुकटी हाताला लागू लागली किंवा पायांच्या मुळाशी बारीक तडे दिसले की ती बदलावी. उन्हाने ठिसूळ झालेले प्लास्टिक पूर्वसूचना न देता तुटते. घरून काम करणाऱ्यांनी जेवणाच्या खुर्चीवर कमरेपाशी गुंडाळलेला टॉवेल ठेवून तात्पुरते भागवावे, पण महिन्यात पंधरा दिवसांपेक्षा जास्त घरून काम असेल तर कार्यालयातल्यासारखीच खुर्ची घ्यावी. बलकांवातला सोपो, म्हणजे घरापुढच्या ओसरीतले बसायचे बाक, संध्याकाळच्या गप्पांसाठी आहे, लॅपटॉपसाठी नव्हे.

खरेदी करताना

‘बिफ्मा’ हा शब्द प्रत्येक विक्रेत्याच्या तोंडी असतो. ही अमेरिकेतील फर्निचर उत्पादकांची संघटना आहे, आणि तिच्या एक्स ५.१ या मानकात सर्वसाधारण कार्यालयीन खुर्चीच्या मजबुतीच्या आणि टिकाऊपणाच्या चाचण्या दिलेल्या आहेत. खुर्चीवर हे नाव छापले म्हणजे तिची चाचणी झालीच असे नव्हे. चाचणीचा अहवाल दाखवायला सांगावे आणि त्यावर त्याच मॉडेलचे नाव आहे का ते वाचावे. कामाच्या खुर्च्यांसाठी आयएस १७६३१ हे भारतीय मानक २०२२ मध्ये आले आहे, तेव्हा निविदा काढणाऱ्यांनी त्याचाही उल्लेख करावा. पाळ्यांत चालणाऱ्या नियंत्रणकक्षासाठी चोवीस तास वापराची खुर्ची वेगळी मिळते. साधी खुर्ची तिथे तिप्पट वेगाने झिजते, आणि मग हमीच्या कागदावरच्या बारीक अक्षरांत ‘रोज आठ तास वापर’ असे लिहिलेले सापडते.

दुकानात खुर्चीवर निदान पंधरा मिनिटे बसावे. पहिल्या मिनिटाला मऊ खुर्ची जिंकते, पण दहाव्या मिनिटाला तिचा तळ लागू लागतो. सर्व लिव्हर बसल्या बसल्या हाताला येतात का, ते पाहावे. ज्या लिव्हरसाठी उठून खाली वाकावे लागते, तो कोणीही वापरत नाही. शक्य असेल तर एक नमुना आठवडाभर कार्यालयात ठेवून घ्यावा आणि दोन-तीन वेगवेगळ्या बांध्याच्या माणसांना बसवून पाहावे. बेळगाव किंवा पुण्याहून माल स्वस्त मिळतो हे खरे, परंतु एक चाक तुटले तर ते चोर्ला घाट उतरून येईपर्यंत खुर्ची कोपऱ्यात उभी राहते. म्हणून म्हापसा, पणजी, फोंडा किंवा मडगाव येथे गॅस लिफ्ट आणि चाके बदलून देणारा माणूस आहे का, हे ऑर्डर देण्यापूर्वीच विचारून घ्यावे.

खुर्च्या आल्या की पहिल्या दिवशी प्रत्येकाला आपापली खुर्ची लावून द्यावी: आधी बैठकीची उंची, मग खोली, मग कमरेचा आधार, मग पाठीचा ताण आणि सर्वांत शेवटी हात. महिन्याने सर्व स्क्रू एकदा आवळावेत, कारण नव्या खुर्चीचे स्क्रू पहिल्याच महिन्यात सर्वाधिक सैल होतात. मे महिन्याच्या अखेरीस चाकांत अडकलेले केस आणि धागे काढावेत, धातूच्या सांध्यांना तेलाचा हात फिरवावा आणि खुर्च्या भिंतीपासून वीतभर दूर ठेवाव्यात. बैठकीच्या खालच्या बाजूला खरेदीची तारीख आणि बिलाचा क्रमांक न पुसणाऱ्या शाईने लिहून ठेवावा. हमीचा कागद पावसाळ्यात फायलीसकट ओला होतो, तेव्हा तेवढाच पुरावा उरतो.